'रम्पल्ड' या शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे?

अनुवादिनी

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी सध्या एका अमेरिकी कथेचा अनुवाद करीत आहे. कथेतले वडील ओहायो राज्यातल्या एका लहान गावातून रात्रभर बसचा प्रवास करून पहाटे मुलीच्या दारात येऊन उभे राहतात. अंगात त्यांचा एकुलता एक सूट आहे आणि त्या सुटासाठी लेखिकेने 'रम्पल्ड' हे विशेषण वापरले आहे. तीन परिच्छेदांनंतर मुलगी ज्या अंथरुणावरून उठून आली त्या अंथरुणाला तेच विशेषण येते. शेवटी वडील सोफ्यावर बसल्या बसल्या झोपी जातात, तेव्हा लेखिका ते विशेषण थेट वडिलांनाच लावते. शब्द तीनदा आला आहे तो विसरून आलेला नाही, हे कथा वाचताना स्पष्ट कळते.

शब्दकोशांत चुरगळलेला, सुरकुतलेला आणि विस्कटलेला असे तीन पर्याय मिळतात. मी तिन्ही वापरून पाहिले. 'सुरकुतलेला सूट' म्हटले की डोळ्यांपुढे म्हातारी कातडी येते. 'चुरगाळलेला सूट' म्हटले की कोणीतरी तो मुठीत धरून कोपऱ्यात फेकला होता असे वाटते. 'विस्कटलेला' हे केसांना शोभते, कपड्याला तितकेसे नाही. एका मैत्रिणीने 'गबाळा' सुचवले, पण त्या माणसाने निघताना टाय बांधला आहे, बूट पुसले आहेत. त्याला गबाळा म्हणायला माझा हात धजत नाही.

या शब्दाची अर्थच्छटा नेमकी कोणती आणि तो इंग्रजीत कुठे वापरतात, कुठे वापरत नाहीत, हे आधी समजून घ्यावे असे वाटते. प्रतिशब्दाचा शोध त्यानंतर आपोआप सोपा होईल.

मुळाशी

शब्दाच्या मुळाकडे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच सापडते. मध्ययुगीन डच भाषेत 'रोम्पेल' म्हणजे सुरकुती किंवा चुणी. उत्तर जर्मनीतल्या बोलींतही त्याचे भावंड होते. तिकडून तो इंग्रजीत आला आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत रुळला. म्हणजे मुळात या शब्दात कापडाची मोडलेली घडी आहे, दुसरे काही नाही. मळ नाही, वास नाही, आळस नाही, दारिद्र्यही नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की इंग्रजीत अव्यवस्थितपणाचे जे इतर शब्द आहेत त्यांचा उगम वेगवेगळ्या ठिकाणी झालेला आहे आणि त्या उगमाचा वास त्यांना आजही येतो. 'डिशेव्हल्ड' हा जुन्या फ्रेंचमधून आला. त्यातल्या 'शेव्हेल'चा अर्थ केस. आरंभी तो फक्त मोकळ्या, सुटलेल्या केसांविषयी वापरला जाई. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधल्या यात्रेकरूंपैकी पार्डनरचे, म्हणजे पापक्षमेची पत्रे विकणाऱ्याचे, वर्णन करताना हाच शब्द घातला आहे: केस मोकळे सोडलेले आणि डोक्यावर टोपीखेरीज काही नाही. आपल्याकडचा 'मुक्तकेशी' हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. कपड्यांकडे तो अर्थ पुष्कळ नंतर सरकला. 'अनकेम्प्ट' म्हणजे शब्दशः न विंचरलेला, कारण 'केम्प्ट' हे कंगवा या अर्थाच्या 'कोम'च्या जुन्या क्रियापदाचे रूप आहे. 'स्क्रफी' हा 'स्कर्फ'पासून आला, आणि स्कर्फ म्हणजे डोक्यातला कोंडा. 'शॅबी'चे मूळ तर खपलीत आहे. या शेवटच्या दोघांत त्वचारोगाची किळस दडलेली आहे, म्हणून ते शब्द माणसाला लावले की बोचतात.

मराठीतही असेच आहे. 'अजागळ' हा शब्द शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या निरुपयोगी सडांवरून, अजागलस्तनावरून आला. 'पारोसा' हा संस्कृतातल्या 'पर्युषित'वरून आला, म्हणजे जे रात्र उलटून शिळे झाले ते. त्यामुळे अंघोळ न केलेला माणूसही पारोसा आणि केर न काढलेले घरही पारोसे. 'गबाळा'मागे गबाळ आहे, म्हणजे कसेबसे बांधलेले सटरफटर सामानाचे गाठोडे. या तिन्ही शब्दांत दोष माणसाकडे जातो. 'रम्पल्ड'मध्ये दोष कोणाकडेच जात नाही, आणि आपली खरी अडचण तीच आहे.

डेट्रॉईटवासी

मी वीस वर्षांहून अधिक काळ मिशिगनमध्ये राहतो. हा शब्द रोजच्या बोलण्यात ज्या रीतीने ऐकतो ती रीत सांगतो.

लांबच्या विमानप्रवासातून उतरून थेट बैठकीला आलेला सहकारी स्वतःविषयी हा शब्द सहज वापरतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. ऐकणाऱ्यालाही त्यातून एवढेच कळते, की हा रात्रभर याच कपड्यांत होता. मात्र तोच माणूस स्वतःला 'स्क्रफी' म्हणाला तर त्याने दाढी केलेली नाही असे आपण समजतो, आणि 'स्लॉपी' म्हणाला तर काहीतरी बेपर्वाई झाली असे समजतो.

'रिंकल्ड' आणि 'रम्पल्ड' यांतला फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. धुतलेला शर्ट ड्रायरमधून काढून दोन दिवस टोपलीत तसाच पडला, तर इकडे तो बहुधा 'रिंकल्ड' ठरतो. तोच शर्ट इस्त्री करून घातला, दिवसभर त्यात काम केले, गाडी चालवली, बाकावर डुलकी काढली, की संध्याकाळी तो 'रम्पल्ड' होतो. ही सीमारेषा काटेकोर नाही आणि लोक दोन्ही शब्द अदलाबदल करूनही वापरतात, परंतु कल असा आहे. 'रम्पल्ड' म्हटले की त्या कपड्यात माणूस होता, किंवा त्या चादरीवर कोणी झोपले होते, असे मनात येते. म्हणूनच अंथरुणाला आणि केसांना तो जितका सहज लागतो तितका कपाटात पडून राहिलेल्या कापडाला लागत नाही.

'क्रीज्ड' हा आणखी वेगळा. त्यात सुरकुतीची एक ठळक रेघ असते आणि ती चांगलीही असू शकते. पँटीची क्रीज कडक हवी, असे आपणही म्हणतोच. क्रिकेटमधली क्रीज हीसुद्धा पूर्वी खरोखर जमिनीत कोरलेली रेघ होती, चुन्याने आखायची पद्धत एकोणिसाव्या शतकात आली.

या शब्दाची चालतीबोलती मूर्ती अमेरिकी वाचकाच्या मनात कोणती असते, असे विचाराल तर 'कोलंबो' या दूरचित्रवाणी मालिकेतला गुप्तहेर. १९६८ साली पीटर फॉक पहिल्यांदा या भूमिकेत पडद्यावर आले आणि १९७१ पासून मालिका सुरू झाली. तो सुप्रसिद्ध चुरगळलेला रेनकोट फॉक यांचा स्वतःचाच होता. खुनी मंडळी परीटघडीच्या कपड्यांत असत आणि त्या कोटाकडे पाहून या माणसाला हलक्यात घेत. त्यामुळे अमेरिकी कानाला 'रम्पल्ड' या शब्दात थोडी आपुलकी आणि थोडी 'हा दिसतो त्याहून शहाणा आहे' अशी पुस्ती ऐकू येते. तुमच्या कथेतले वडील त्याच आपुलकीने पाहिले गेले असावेत.

सरळवाट

चर्चा वाचनीय आहे, पण एवढी खोल जाण्याची गरज आहे का, असा प्रामाणिक प्रश्न पडतो. 'चुरगळलेला सूट' हे शब्द प्रत्येक मराठी वाचकाला समजतात. कोणी फेकून दिला होता वगैरे अर्थ वाचकाच्या मनात येणार नाही. अनुवादकाने शब्दापेक्षा वाक्य वाहते ठेवावे, असे माझे मत आहे.

कावेरी

सरळवाट, आपल्या मताशी मी पुष्कळशी सहमत आहे, मात्र एका अटीवर. अनुवादिनीताईंनी आपल्या पहिल्या प्रतिसादात दोन वेगळे शब्द लिहिले आहेत आणि ते त्यांच्या लक्षात आले नसावे. शब्दकोशातले म्हणून त्यांनी 'चुरगळलेला' दिला, पण वापरून पाहिला तो 'चुरगाळलेला'. हा फरक टंकनाचा नाही. गळणे-गाळणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे या जोड्यांसारखीच चुरगळणे-चुरगाळणे ही जोडी आहे. ऱ्हस्व 'अ' असलेले रूप आपोआप घडणाऱ्या क्रियेचे, दीर्घ 'आ' असलेले कोणीतरी मुद्दाम केलेल्या क्रियेचे. चादर चुरगळते. कागद आपण चुरगाळतो. चिठ्ठी वाचून त्याने ती चुरगाळली, असे म्हणतो. चुरगळली, असे म्हणत नाही.

त्यामुळे 'चुरगाळलेला सूट' वाचून तो कोणी मुठीत धरला असे ताईंना वाटले, ते अगदी बरोबर वाटले. त्या 'गा'मध्ये एक हात आहे. 'चुरगळलेला' म्हटले की तो हात नाहीसा होतो. हल्ली छापील मजकुरातही दोन्ही रूपे सरमिसळ दिसतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण जो भेद इंग्रजीला 'रम्पल' आणि 'क्रम्पल' असे दोन वेगळे शब्द योजून बऱ्याच अंशी दाखवावा लागतो, तो आपण एका कान्याने दाखवत आलो आहोत.

अनुवादिनी

कावेरीताई, आपण म्हणता ते वाचून मी माझा मसुदा पुन्हा उघडला. खरोखरच मी तीनही ठिकाणी 'चुरगाळलेला' असे लिहिले होते आणि नंतर शब्दालाच दोष देत बसले होते. मनापासून आभार.

तरीही एक अडचण उरते. 'चुरगळलेला' सुटाला चालेल, चादरीलाही चालेल. झोपलेल्या माणसाला कसा लावावा? आणि 'क्रम्पल'चा विषय निघालाच आहे तर तेही विचारते, कारण त्याच कथेत मुलीचा चेहरा 'क्रम्पल' होतो.

डेट्रॉईटवासी

'क्रम्पल' हा नात्याने वेगळा शब्द आहे, फक्त नाद सारखा. त्याचे मूळ 'क्रम्प' म्हणजे वाकडा, आत वळलेला. त्यामुळे त्यात आत मिटत जाण्याची, कोसळण्याची कल्पना आहे. वाहनांच्या जाहिरातींत 'क्रम्पल झोन' हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. ती कल्पना बेला बरेनी या अभियंत्याची. मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९५१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ती बाजारातल्या मोटारीत प्रत्यक्ष आली. पुढचा आणि मागचा भाग ठरवून चेपला जावा आणि मधली माणसे बसण्याची पेटी शाबूत राहावी, असा तो विचार आहे. तिथे 'रम्पल झोन' म्हणून पाहा, लगेच हास्यास्पद वाटेल. पत्रा रम्पल होत नाही, कारण 'रम्पल' झालेली वस्तू झटकली किंवा इस्त्री केली की पुन्हा पूर्ववत होते.

चेहऱ्याच्या बाबतीत शब्दाला शब्द शोधू नये असे सुचवतो. इंग्रजीत चेहरा 'क्रम्पल' होतो तो रडू फुटण्याच्या आधीच्या क्षणी, जेव्हा ओठ, हनुवटी आणि कपाळ एकदम आत ओढले जातात. मराठीत 'तिचा चेहरा रडवेला झाला' हे थोडे सौम्य आहे. 'तिचे तोंड वेडेवाकडे झाले' हे अधिक जवळचे वाटते. माणूस जमिनीवर 'क्रम्पल' झाला असेल तर 'मटकन खाली बसला' याहून चांगले काही नाही.

शंकासुर

लहानशी शंका. जर्मन परीकथेतल्या 'रम्पलस्टिल्टस्किन' या बुटक्याच्या नावात हाच 'रम्पल' आहे का? त्याच्या चित्रांत तो नेहमी सुरकुतलेलाच दाखवतात.

मुळाशी

नाही. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ती कथा छापली, तिथे नाव 'रुम्पेलष्टिल्त्सखेन' असे आहे आणि त्यातले 'रुम्पेल' जर्मन भाषेतल्या खडखडाट करणे या अर्थाच्या क्रियापदाचे आहे. घरात भांडी खडखडवणारा तो खोडकर जीव. सुरकुत्यांचा संबंध इंग्रजी कानाने मागाहून जोडला.

इचलकरंजीकर

माझे सारे आयुष्य कापडाच्या धंद्यात गेले, त्यामुळे चुरगळणे म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. डेट्रॉईटवासी यांनी टोपलीतला शर्ट आणि अंगातला शर्ट असा जो भेद केला, त्याला धाग्याच्या पातळीवर कारण आहे.

सूत म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या बारीक बंधांनी धरून असतात. हे बंध एकेकटे दुबळे असतात, पण संख्येने अगणित. पाणी आत शिरले की ते सुटतात, साखळ्या सरकतात, आणि पाणी उडून गेले की ज्या अवस्थेत कापड असेल त्याच अवस्थेत नवे बंध बसतात. आता अंगातला कपडा पाहा. माणूस बसला की गुडघ्यामागे, कोपराच्या आत, पाठीवर आणि कमरेशी कापड दुमडते. तिथेच घाम आहे, तिथेच अंगाची ऊब आहे आणि वरून शरीराचे वजन आहे. म्हणजे इस्त्रीला जे तीन घटक लागतात, ओल, उष्णता आणि दाब, तेच तिन्ही इथे हजर आहेत. माणूस आपल्या कपड्याला दिवसभर स्वतःच्या बसण्याउठण्याच्या आकाराची इस्त्री करीत असतो. टोपलीत पडलेल्या शर्टाच्या चुण्या कशाही, कुठेही असतात. अंगातल्या शर्टाच्या चुण्या मात्र सांध्यांवर असतात आणि अनुभवी माणूस त्या पाहून सांगू शकतो की हा उभ्याने काम करणारा आहे की बैठ्या कामाचा.

कापड किती सावरते हे मोजण्याचीही रीत आहे. कापडाची लहान पट्टी दुमडून तिच्यावर ठरावीक वजन ठरावीक वेळ ठेवतात, मग वजन काढून पट्टी किती उघडते त्याचा कोन मोजतात. पूर्ण सपाट झाली तर १८० अंश. लिनन यात सर्वांत मागे राहते, सुतीची गतही फारशी बरी नाही, लोकर चांगली सावरते. म्हणूनच लोकरीचा कोट रात्री खुंटीला टांगला की सकाळपर्यंत त्याच्या बऱ्याच चुण्या आपोआप उतरतात. पॉलिएस्टरच्या साखळ्या हलायला सत्तर अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते, अंगाच्या उबेने त्यांना काही होत नाही. व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये टेरिलिन हे पॉलिएस्टर शोधले, आणि पुढे ते आपल्याकडे आल्यावर टेरिलिनचा शर्ट म्हणजे केवढी प्रतिष्ठा होती ते माझ्या पिढीला आठवत असेल. रात्री धुवायचा, सकाळी झटकून घालायचा, आणि संध्याकाळपर्यंत सुरकुती म्हणून नाही.

सुताला तीच सवय लावण्याचे काम अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात केले. सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये पाण्याने न सुटणारे पक्के आडवे दुवे घालायचे, असे त्याचे तत्त्व होते. त्याची किंमत कापडाला मोजावी लागते. असे सूत थोडे ठिसूळ होते आणि लवकर फाटते.

अनुवादिनीताईंच्या कथेतला सूट कशाचा आहे ते लेखिकेने सांगितले आहे का? लोकरीचा असेल तर एका रात्रीत तो थोडासाच चुरगळेल. सुती किंवा लिननचा असेल तर पार बोळा होईल.

जाता जाता एक सांगतो, कारण विषय सुरकुत्यांचा आहे. 'सीअरसकर' नावाचे एक कापड आहे, ज्यात मुद्दाम एक पट्टा सपाट आणि एक पट्टा चुणीदार विणतात. ताण्यातले, म्हणजे उभे, काही धागे सैल सोडले की आपोआप ते फुगून येतात. अमेरिकेच्या दक्षिणेत उन्हाळ्याचे सूट याचेच शिवतात. नाव मात्र आपल्या बाजूचे आहे: फारसीतले 'शीर-ओ-शक्कर', दूध आणि साखर. गुळगुळीत पट्टा दुधासारखा, खरखरीत पट्टा साखरेसारखा. ज्या कापडात सुरकुती हाच गुण आहे त्याला किती गोड नाव मिळाले, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

अनुवादिनी

सूट तपकिरी रंगाचा आणि लोकरीचा आहे, आणि लेखिकेने पाठीवरच्या व गुडघ्यांमागच्या चुण्यांचाच उल्लेख केला आहे. आपला प्रतिसाद वाचेपर्यंत मला ते केवळ तपशिलासाठी आलेले वाक्य वाटत होते.

जुनी_पेटी

डेट्रॉईटवासी यांनी सहज 'परीटघडी' हा शब्द लिहून टाकला आणि मला तिथेच थांबावेसे वाटले. माझ्या वडिलांचे सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लाँड्रीचे दुकान होते. कोळशाची पितळी इस्त्री, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि टेबलावर जुन्या घोंगडीच्या चार पदरांवर पांढरी चादर. कपडा कधीही पूर्ण वाळू द्यायचे नाहीत. वाळलाच तर हाताने पाणी शिंपडून, गुंडाळून, अर्धा तास ठेवायचे, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. धोतराला आणि टोपीला खळ. शर्टाची घडी घालताना कॉलर वर, हात मागे, आणि शेवटची मुडप तळहाताच्या कडेने दाबून बसवायची; ती बसताना होणारा आवाज मला अजून ऐकू येतो. ज्यांना लाँड्री परवडत नसे त्यांच्या घरी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने कपडे फिरवत, किंवा घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवत.

हे सांगायचे कारण असे, की मराठीने चांगल्या कपड्याचे मोजमाप घडीवरून केले आहे. परीटघडीचा माणूस म्हणजे नीटनेटका. नव्या साडीची घडी मोडणे हा तर आनंदाचा प्रसंग. मोठ्या नणंदेला किंवा लेकीला 'तूच घडी मोड' असे म्हणून पहिल्यांदा नेसायला देतात. संसाराची घडी बसते आणि विस्कटते तीही याच कपाटातून आलेली. मग चुरगळलेल्या कपड्याला आपण 'परीटघडी उतरलेला' असे का म्हणू नये? त्यात घाण नाही, गबाळेपणा नाही. एकेकाळी तो नीट होता आणि आता वापराने घडी गेली, एवढेच त्यात येते. वडिलांनी निघताना टाय बांधला होता, बूट पुसले होते, हेही त्यातून सूचित होते.

सरळवाट

शब्दप्रयोग सुंदर आहे, हे निःसंकोच मान्य करतो. तथापि ओहायोतल्या माणसाच्या सुटावर परीट आणू नये असे वाटते. वाचकाला क्षणभर कोळशाची इस्त्री दिसेल आणि तो कथेबाहेर पडेल.

जुनी_पेटी

आपली शंका योग्य आहे. तरी 'परीटघडी' आता परिटाकडून बरीच सुटलेली आहे, असे मला वाटते. आपण वीज गेल्यावर मेणबत्ती लावतो तरी 'दिवे गेले' म्हणतोच. निर्णय ताईंचा.

कावेरी

या शब्दाच्या वापरातली एक गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही आणि ती मांडल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि कथांत 'रम्पल्ड' हा शब्द ज्या आपुलकीने येतो तो बहुतेक वेळा पुरुषासाठी येतो. विसराळू प्राध्यापक, थकलेला गुप्तहेर, लोकांत मिसळणारा राजकारणी हे सारे रम्पल्ड असतात आणि म्हणून प्रामाणिक वाटतात. त्याच अवस्थेतल्या बाईला मात्र 'फ्रम्पी' म्हटले जाते, आणि तो शब्द निखळ टाकून बोलणे आहे. खेदाची गोष्ट अशी, की 'फ्रम्प' हासुद्धा 'फ्रम्पल' म्हणजे सुरकुतणे या जुन्या शब्दाचा तुकडा असण्याची शक्यता अभ्यासक सांगतात, आणि 'फ्रम्पल' त्याच डच 'रोम्पेल'च्या घरचा आहे. एकाच कुळातला एक शब्द पुरुषाच्या वाट्याला मायेचा आला आणि दुसरा बाईच्या वाट्याला हिणवण्याचा.

मराठीही यात मागे नाही. गबाळा मुलगा 'कामात असतो बिचारा' म्हणून सुटतो. गबाळी मुलगी सुटत नाही, तिचे 'कसे होणार' ही चिंता घरभर पसरते. झिपरी, अवदसा, अजागळ हे शब्द कोणाला उद्देशून अधिक वेळा उच्चारले गेले ते प्रत्येकीने आपल्या आठवणीत शोधावे.

म्हणूनच अनुवादिनीताईंना विनंती आहे, की कथेत मुलीच्या अंथरुणाला लागलेला शब्द वडिलांच्या सुटाला लागलेल्या शब्दापासून दूर जाऊ देऊ नये. 'तिचे अस्ताव्यस्त अंथरूण' असे लिहिलेत तर वाचक त्या मुलीच्या घरकामाला गुण देऊ लागेल. लेखिकेने बाप आणि लेक दोघांना एकाच शब्दात बसवले आहे, त्यामागे तिचा हेतू असणार. दोघांचीही ती रात्र धड झोपेत गेलेली नाही.

मुळाशी

कावेरीताईंचा मुद्दा व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही पटण्यासारखा आहे, 'फ्रम्प'बद्दलची शक्यता मी वाचलेली आहे. अंथरुणासाठी एक सुचवतो: मराठीत अंथरूण 'मोडलेले' असते, म्हणजे त्यावर कोणी झोपून गेले आहे आणि ते अजून आवरलेले नाही. पण ते आवरण्याकडे झुकते, म्हणजे पुन्हा घरकामाकडेच. त्यापेक्षा चादरीलाच कर्ता करावे. 'चादर अंगाखाली चुरगळली होती' असे काहीसे.

अनुवादिनी

आपणा सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले, आणि मुळाशी यांच्या शेवटच्या वाक्यातल्या 'अंगाखाली' या शब्दाने माझी अडकलेली गाडी पुढे सरकली. इचलकरंजीकरांनी सांगितलेली अंगाची ऊब आणि कावेरीताईंनी दाखवलेला कान्याचा फरक, दोन्ही त्यात सामावतात. 'रम्पल्ड'साठी मला एकटे विशेषण नकोच होते. मराठीत चुरगळण्याला शरीराची जागा जोडली की अर्थ पुरा होतो: कपडा अंगावर चुरगळतो, चादर अंगाखाली चुरगळते.

त्यानुसार तीन वाक्ये अशी केली आहेत. पहिले: 'रात्रभर बसमध्ये अंगावरच चुरगळलेल्या तपकिरी सुटात वडील दारात उभे होते, टाय मात्र अजून सरळ होता.' टायचा उल्लेख मुळात दोन वाक्ये आधी आहे, तो मी इथे ओढून घेतला, म्हणजे गबाळेपणाची शंका राहत नाही. दुसरे: 'मागे खोलीत तिच्या अंगाखाली चुरगळलेली चादर तशीच होती.' इथे 'अंथरूण' हा शब्दच काढला. तिसऱ्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण तिथे कपडा नाही, माणूस आहे. 'चुरगळलेले वडील' हे मराठीत चालत नाही. माणूस खचतो, थकतो, चुरगळत नाही. तिथे मी जुनी_पेटी यांचा शब्द घेतला, परीट वगळून: 'सोफ्यावर बसल्या बसल्या ते झोपी गेले होते, आणि झोपेत त्यांची सगळी घडी उतरली होती.'

सरळवाट

तिसरे वाक्य मला आवडले. तिथे परीट नाही, तरी घडी आहे. पहिल्यात 'अंगावरच' मधला 'च' ठेवावा, संपादकांनी काढू पाहिला तरीही.

जुनी_पेटी

'उतरली होती' हेच ठेवा. 'मोडली होती' असे करण्याचा मोह होईल, पण घडी मोडणे आपल्याकडे नव्या कपड्यासाठी आहे. वापरून झालेल्या कपड्याची घडी उतरते.

अनुवादिनी

'च' आणि 'उतरली' दोन्ही ठेवून मजकूर आज संपादकांकडे पाठवला आहे.